वाडग्यातला बादशहा

मी एक खोटा बादशहा उभा केला आणि त्याला राहायला एका खऱ्या माणसाच्या बापाने बांधलेली जागा देऊन टाकली. एवढंच असतं तर कदाचित ते हसण्यावारी गेलं असतं. पण पुढे त्या माणसाने भर ग्रामसभेत माझ्याकडे हात करून म्हटलं, "गुर्जींना विचारा, त्यांना ठावं हाय." मला ठाऊक होतं आणि मी ते सांगितलं नाही. पहिली चूक अजाणतेपणी झाली असं म्हणता येईल. दुसरीला चूक तरी कसं म्हणायचं, हे मला अजून कळलेलं नाही.

१९८१ साली मला शिक्षकाची पहिली नेमणूक मिळाली ती जालन्याकडच्या मंठ्यापासून बरंच आत असलेल्या एका गावात. बस फाट्यावर सोडायची, तिथून पुढे तासभर चालायचं. शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत मी आणि चार वर्ग, दुसऱ्या खोलीत पंचायतीचं सामान. मी बावीस वर्षांचा होतो, बिनलग्नाचा होतो आणि त्याच गावात भाड्याच्या खोलीत राहत होतो.

माझं स्वतःचं गाव जांब समर्थच्या, म्हणजे समर्थ रामदासांच्या जन्मगावाच्या, रस्त्यावर. लहानपणापासून दारावरून यात्रेकरू जाताना बघितलेले. कोणी पाणी मागायचं, कोणी किती राहिलं म्हणून विचारायचं. आपल्या भागाला काहीतरी जुनं नाव आहे, ही गोष्ट मला हवेसारखी फुकट मिळालेली होती. या गावात मात्र लोकांना तीच गोष्ट सलत असे. पहिल्याच महिन्यात सरपंच मला म्हणाले, "तुमचं बरंय गुर्जी, तुमच्याकडं समर्थांचं ठिकाण हाय. आमच्या गावात काय हाय? बाभळी अन् गोचिड्या. पाव्हणा आला तर त्याला दाखवायचं काय, म्हशी?"

सगळे हसले. मीही हसलो. पण हे बोलणं माझ्या डोक्यात राहिलं असावं.

गावाच्या उत्तरेला एक बरड टेकडी होती, गायरानाची. तिच्या माथ्यावर एक दगडी वाडगं होतं. मेंढ्या कोंडायची जागा. आमच्याकडे वाडगं म्हणजे काट्याकुट्यांचं कुंपण. हे तसं नव्हतं. काळ्या दगडाची, चुना-माती न वापरता नुसत्या दगडावर दगड बसवून उभी केलेली गोल भिंत, माणसाच्या छातीएवढी. आणि एका अंगाला चक्क बुरूज. दोन पुरुष उंचीचा, खाली रुंद, वर निमुळता. आत शिरायला बुटकं दार, आतून भिंतीतच बाहेर काढलेल्या दगडांच्या पायऱ्या, वर एक माणूस पाय पसरून बसेल एवढी खोली आणि तिला चहूबाजूंनी फटीसारख्या खिडक्या. भिंतीत मधूनमधून पांढऱ्या गारगोटीचे दगड बसवलेले होते. ऊन पडलं की गावातून ते चमकताना दिसत.

त्या वाडग्यात गावातल्या एका धनगराची मेंढरं असत. सगळं गाव त्याला मामा म्हणे, म्हणून मीही मामा म्हणायचो. पन्नाशीचा काटक माणूस, तोंडाने फटकळ. उन्हाळ्यात त्याचा कळप शेतकऱ्यांच्या रिकाम्या रानांत बसायचा. रानाला खत मिळायचं, मामाला ज्वारी मिळायची. पण पावसाळ्यात सगळीकडे पिकं उभी राहिली की मेंढरं न्यायची कुठे? खाली गावात चिखल, मेंढरांचे खूर सडत. तेव्हा हे टेकडीवरचं कोरडं, दगडी वाडगंच कामाला यायचं. ते होतं म्हणून कळप होता.

बादशहा जन्मला तो चौथीच्या इतिहासाच्या तासाला. मी कुठल्याशा राजवटीच्या सनावळ्या सांगत होतो, अर्धा वर्ग पेंगत होता. तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "गुर्जी, बादशहाला सुट्टी असती का?"

"असते की," मी म्हणालो.

"मंग सुट्टीत कुठं जातो त्यो?"

खिडकीतून टेकडी दिसत होती. मी तिकडे बोट केलं. "तिथं."

अख्खा वर्ग जागा झाला. मला शिक्षक म्हणून तोवर असं यश मिळालं नव्हतं. पुढच्या शनिवारी मी मुलांना टेकडीवर घेऊन गेलो आणि तिथे बसून गोष्ट सांगायला लागलो. एक बादशहा होता. त्याला रोज इतके मुजरे होत की सरळ उभा असलेला माणूस त्याने कैक वर्षांत बघितला नव्हता. त्याला कंटाळून तो सगळं सोडून इथे आला आणि त्याने हा एकांतमहाल बांधला. त्याचं दार मुद्दाम बुटकं ठेवलं. आत जाताना त्याला स्वतःलाच वाकावं लागावं म्हणून. सोबतीला त्याने दरबारातला एक पोपट आणला होता. त्या पोपटाला बादशहाच्या सगळ्या पदव्या पाठ होत्या. बादशहा रोज संध्याकाळी त्याला दाणे घालायचा आणि एक एक पदवी विसरायला शिकवायचा.

मग दर शनिवारी पोरं विचारायची, "गुर्जी, आज पोपट काय विसरला?" आणि मी काहीतरी सांगायचो.

आणि त्या गारगोट्या? बादशहाने दर वर्षाला एक पांढरा दगड भिंतीत बसवला, असं मी सांगितलं. जितके पांढरे दगड, तितकी वर्षं तो इथे एकटा राहिला.

मामा सुरुवातीला हे सगळं मजेत ऐकायचा. मेंढरं हाकत आला की लांबूनच ओरडायचा, "काय गुर्जी, उठले का तुमचे बादशहा? त्यांना म्हणावं लेंड्या झाडून घ्या, आज माह्यी बायको माहेरी गेली हाय."

पोरं खिदळायची. मग कधीतरी, पोरं गेल्यावर, तो माझ्याजवळ बुरजाच्या सावलीला बसला आणि त्याने मला खरी गोष्ट सांगितली. हे मला मुद्दाम लिहायचं आहे: त्याने मला सगळं सांगितलं होतं, आणि तेही पहिल्याच वर्षी.

"माह्या बापानं बांधलंय हे," तो म्हणाला. "निजामाचं राज व्हतं तव्हा जवानीत त्यो कुठल्या तरी किल्ल्याच्या डागडुजीला मजूर म्हणून गेल्ता. दोन वर्सं दगड वाहिले. परत आला त्ये डोस्क्यात किल्ला घेऊनच. आईला म्हन्ला, आपल्या मेंढरांना किल्ला बांधतो. आई म्हन्ली, आधी घरावर पत्रं टाक. ऐकतोय कुठं! मेंढरं चारायची अन् येताना एक दगड आणायचा. रोज. पावसात, उन्हात. बुरजावर बसलं की लांडगा दोन कोसावरून दिसायचा."

"आणि दार एवढं बुटकं का?"

"चौकटीला थोरला दगड घावला न्हाई म्हणून. अजून काय?" तो हसला. "अन् ह्या गारगोट्या. दर दिवाळीला एक बसवायचा. किती वर्सं झाली ते ध्येनात ऱ्हावं म्हणून. मोजा, अकरा हायत."

मी मोजल्या. अकरा होत्या.

एका मेंढपाळाने बघितलेला किल्ला डोक्यात आणला आणि मेंढरांसाठी बांधला. आता वाटतं, माझ्या बादशहापेक्षा ही गोष्ट कितीतरी मोठी होती. पण बावीस-तेविसाव्या वर्षी मला ती गोष्ट गोष्टच वाटली नाही. ती फक्त माहिती वाटली.

दोनेक वर्षांनी जालन्याच्या एका छोट्या साप्ताहिकात मी लेख पाठवला. माझं काहीतरी छापून यावं, अशी तेव्हा फार इच्छा होती. मी बादशहाची गोष्टच लिहिली, पण गोष्ट म्हणून नाही, लेखासारखी लिहिली. एकांतमहालाची रचना, वाऱ्याच्या दिशेने ठेवलेल्या खिडक्या, बुटकं दार, विरक्त बादशहा. पोपट गाळला, कारण पोपटावर कोणी विश्वास ठेवणार नाही हे मला कळत होतं. म्हणजे काय गाळायचं याचं भान मला होतं. पांढरे दगड मी अकराऐवजी बारा लिहिले. बारा वर्षं म्हणजे एक तप. विरक्त माणसाला अकरा वर्षं शोभत नाहीत.

संपादकांना भेटायला मी स्वतः गेलो. त्यांनी लेख वाचला, चष्मा वर सरकवला आणि विचारलं, "गुरुजी, ह्याला आधार काय?"

मी म्हणालो, "गावातली म्हातारी माणसं सांगतात."

एवढंच एक वाक्य. गावातल्या कुठल्याही म्हाताऱ्याने मला असं सांगितलं नव्हतं. एका माणसाने सांगितलं होतं ते नेमकं उलट. संपादकांनी मान हलवली आणि लेखाच्या खाली तेच वाक्य छापलं: गावातील वृद्धांच्या सांगण्यावरून.

अंक गावात पोचला आणि पारावर मोठ्याने वाचला गेला. गंमत अशी की गावातल्या म्हाताऱ्या माणसांनी तो ऐकला आणि खरोखरच सांगायला सुरुवात केली. ज्यांनी मामाच्या बापाला दगड आणताना बघितलं असेल, त्यांनाही आता बादशहाच आवडला. एक जण म्हणाला, त्याच्या आजोबाने टेकडीवर घोड्यांच्या टापा ऐकल्या होत्या. दुसऱ्याला तिथे भुयार असल्याचं आठवलं. सरपंच तर इतके खूश झाले की त्यांनी मला शाल आणि नारळ दिला. "गुर्जी, आता जांबवाल्यांना सांगा म्हणावं, आमच्याकडं बी हिस्ट्री हाय!"

मी शाल अंगावर घेतली. खोलीवर येऊन आरशात बघितलं. हे लिहायला नको वाटतं, पण बघितलं.

दुसऱ्या दिवशी मामा शाळेत आला. तो कधी शाळेत येत नसे. काठी दाराबाहेर टेकवून आत आला, पोरांकडे बघत उभा राहिला. मी त्याला घेऊन बाहेर आलो.

"गुर्जी, पेपरात माह्या बापाचं नाव न्हाई."

"मामा, ती एक... गोष्ट आहे."

"गोष्ट पोरांना सांगून राह्यलाव तवर बराबर होतं. मी बी हसलो. पण लिव्हलेलं वाचून लोक मला म्हणून राह्यलेत, बादशहाच्या महालात लेंड्या टाकतो म्हणून." मग त्याने खालच्या आवाजात विचारलं, "बारा का लिव्हल्या? अकरा हायत. तुमी मोजल्या व्हत्या ना?"

"मोजल्या होत्या."

"मंग दुसरं एक लिव्हून टाका. बापानं बांधलं म्हणून. एवढंसं लिव्हलं तरी चालतंय."

"लिहितो," मी म्हणालो. "पुढच्या अंकात लिहितो."

मी ते लिहिलं नाही. दोनदा कागद पुढे घेतला. पण दुरुस्ती लिहायची म्हणजे मी संपादकांना खोटं सांगितलं हे कबूल करायचं, शाल परत केल्यासारखं व्हायचं. मी दिवस ढकलले. मामाने पुन्हा विचारलं नाही. तो विचारत नाही म्हणजे विसरला, अशी मी माझी समजूत करून घेतली.

त्याच वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर ग्रामसभा भरली. शाळेच्या पटांगणातच. सरपंचांनी विषय काढला: टेकडीवरची वास्तू ऐतिहासिक आहे, वरून साहेब लोक बघायला येतील, तेव्हा तिथली मेंढरं काढावीत आणि भोवती तार घालावी.

मामा उठून उभा राहिला. "मेंढरं काढून न्यायची कुठं? पाऊस आठ दिवसांवर आलाय."

"न्या की रानात. गायरान सरकारचं हाय, मामा. तुमच्या नावचा कागद हाय का?"

"कागद न्हाई. पण वाडगं माह्या बापानं बांधलंय. एक एक दगड डोक्यावर आणून."

कोणीतरी मागून म्हणालं, "तुमचा बाप बादशहा व्हता व्हय मंग?" सभा हसली.

मामा हसला नाही. त्याने सभेवरून नजर फिरवली आणि मी खुर्चीवर बसलो होतो तिथे थांबवली. "गुर्जींना विचारा. त्यांना ठावं हाय. गुर्जी, सांगा."

सगळं पटांगण माझ्याकडे वळलं. मला अजून आठवतं, माझ्या पुढच्या टेबलावर पाण्याचा तांब्या होता आणि त्यात बाभळीचं पिवळं फूल पडलेलं होतं. मी त्या फुलाकडे बघत राहिलो. खरं सांगायला चार शब्द पुरेसे होते. कागद नसला तरी गावाने त्याच्या बापाची वस्तू त्याच्याकडेच ठेवली असती. गावं असं करतात. सरपंचसुद्धा वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त गावासाठी काहीतरी हवं होतं.

मी म्हणालो, "पक्का पुरावा कुठलाच नाही. दोन्ही शक्य आहे."

मामाने शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्याने फक्त डोक्यावरचा पटका सारखा केला, काठी उचलली आणि तो सभेतून निघून गेला. दोन दिवसांनी त्याने मेंढरं खाली आणली.

तार काही आली नाही. साहेब लोकही आले नाहीत. आले ते गुप्तधनवाले. बादशहा म्हटला की त्याचं धन आलंच. हे मला आधी सुचायला हवं होतं, पण माझ्या गोष्टीतल्या बादशहाकडे एक पोपट सोडून काहीच नव्हतं. वाडग्यात मेंढरं होती तोवर मामा आणि त्याची कुत्री तिथे असायची. आता तिथे कोणीच नव्हतं. एका अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुराखी पळत गावात आला. मी वर गेलो तेव्हा बुरूज नव्हता. त्याच्या बुडाशी खड्डा खणलेला होता, त्यात कुंकू लावलेलं लिंबू पडलं होतं आणि सगळे दगड त्या खड्ड्यात आणि उतारावर सांडलेले होते. चुना नसलेली भिंत. बुडाचा एक दगड काढला की वरचं काही राहत नाही.

मामा माझ्या आधी येऊन पोचला होता. तो उतारावर फिरत होता आणि गारगोट्या शोधत होता. मी मदतीला वाकलो तसं तो म्हणाला, "ऱ्हाऊ द्या गुर्जी." एवढंच.

त्या पावसाळ्यात त्याची मेंढरं गावाच्या चिखलात राहिली. खुरांच्या रोगाने बरीचशी गेली, उरलेली त्याने बाजारात नेऊन विकली. दसऱ्याच्या सुमाराला तो आणि त्याची बायको जालन्याला लेकीकडे राहायला गेल्याचं कळलं. मी बदलीसाठी अर्ज केला. अर्जात वडिलांच्या आजारपणाचं कारण लिहिलं. वडील ठणठणीत होते.

पुढची वीसेक वर्षं मी बरा शिक्षक म्हणून काढली. लग्न झालं, मुलं झाली, जालन्यात घर केलं, मुख्याध्यापक झालो. त्या गावाचा विषय घरात कधी काढला नाही. पण इतिहासाच्या तासाला कुठल्याही मुलाने "गुरुजी, हे खरं आहे का?" असं विचारलं की मी आधी पुस्तकाचं पान उघडायचो. पुस्तकात असलं तरी "खरं" हा शब्द मी सहज उच्चारू शकत नसे. मुलं म्हणायची, आमचे सर फार सावध बोलतात.

मग त्याच गावचा एक माजी विद्यार्थी मला भेटायला आला. तो आता स्वतः शिक्षक झाला होता आणि त्याच शाळेवर होता. माझ्या पाया पडला आणि आनंदाने म्हणाला, "सर, तुम्ही सांगितलेलं सगळं मी पोरांना सांगतो. टेकडीवर नेऊन. बादशहाने बारा वर्षं तप केलं ते. आता पंचायत तिथं पाटी लावून राह्यली, पुढल्या ग्रामसभेत ठराव हाय. सर, उद्घाटनाला तुम्हीच या."

"तिथं आता काय आहे?" मी विचारलं.

"काही नाही सर. दगडांचा ढीग हाय. पण पाटी लागली की लोकांना कळंल ना."

तो गेल्यावर मी बराच वेळ दारात उभा राहिलो. वाडगं पडलं, कळप गेला, आणि तरी माझं खोटं चांगलं धडधाकट होतं. ते आता दुसऱ्या पिढीला शिकवलं जात होतं.

मामाची लेक जालन्यातल्याच मस्तगड भागात राहते, एवढं मला माहीत होतं. इतकी वर्षं मी त्या भागातून जाणं टाळत होतो. आता दोन दिवस विचारत फिरलो. दुकानांच्या मागच्या बोळात दोन खोल्या होत्या. मामा बाजेवर बसला होता. पंचाहत्तरीला आलेला, डोळे अधू झालेले. आवाजावरून त्याने मला ओळखलं.

"गुर्जी व्हय? बसा. बाई, गुर्जींना चहा टाक. पोपट काय म्हणतो गुर्जी?"

मी खाली बसलो. कोपऱ्यात पाण्याच्या माठाजवळ एक पांढरी गारगोटी ठेवलेली दिसली, नारळाएवढी. मी तिकडे बघतोय हे लेकीने बघितलं. "आज्याची हाय ती," ती म्हणाली. "बारावी. दिवाळीला बसवायला आणून ठेवली व्हती, त्याच्या आधीच त्यो गेला. बाबानं सगळं सामान सोडलं, ही सोडली न्हाई."

म्हणून अकरा. मी इतक्या वर्षांत कधी विचारलंही नव्हतं, की अकराच का.

मी बोलायला सुरुवात केली. मी चुकलो, मला सगळं ठाऊक होतं, मी भ्यालो, मला माफ करा. सगळं बोललो. डोळ्यांत पाणीही आलं. मामाने ऐकून घेतलं आणि विचारलं, "हे मला काहून सांगून राह्यलाव?"

"तुमची माफी मागायला..."

"अहो, पण मला ठावंच हाय की! माह्या बापानं बांधलं हे मला सांगून काय फायदा? ज्यांना ठावं न्हाई त्यांना सांगा. जिथं गप बसला तिथं जाऊन बोला. हितं माह्या घरात बोलायला कशाला पायजे हिंमत?" मग चहाच्या कपाकडे हात करून तो म्हणाला, "घ्या, गार व्हतोय."

चहा घेताना मला पहिल्यांदा कळलं की मी माफी मागायला आलो नव्हतो. मी मोकळा व्हायला आलो होतो, आणि तेही बंद दारामागे.

"पुढच्या ग्रामसभेला मी जाणार आहे," मी म्हणालो. "तुम्ही याल?"

"मागल्या टायमाला तुमी लिव्हतो म्हन्ले व्हते," मामा म्हणाला.

मग गुडघे चोळत तो म्हणाला, "गाडी करा. बसमधी माहे गुडघे बसत न्हाईत."

ग्रामसभा त्याच पटांगणात होती. शाळेला आता स्लॅब होता, बाभूळ तोडलेली होती. जुने सरपंच वारले होते, त्यांचा मुलगा खुर्चीवर होता. मला मानाने पुढे बसवलं. मामा लेकीचा हात धरून मागे, भिंतीशी बसला. नव्या पोरांपैकी त्याला कोणी ओळखलं नाही. पाटी टेबलाला टेकवून ठेवली होती. निळ्यावर पांढऱ्या अक्षरांत: बादशहाचा एकांतमहाल. सुबक रंगवलेली होती.

माझ्या विद्यार्थ्याने माझी ओळख करून दिली आणि मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी उठलो. टेबलामागे उभं राहणं सोपं होतं, म्हणून मी टेबलाच्या पुढे येऊन उभा राहिलो.

मी म्हणालो, "ही पाटी लावू नका. बादशहा नव्हता. तो मी चौथीच्या वर्गात रचला. पोरं झोपत होती म्हणून रचला, मग माझं नाव छापून यावं म्हणून पेपरात लिहिला. म्हातारी माणसं सांगतात असं मी म्हणालो. मला कोणीही सांगितलं नव्हतं."

कोणीतरी हसलं, आणि मग हसणं थांबलं. माझा विद्यार्थी माझ्याकडे बघत होता. त्याच्याकडे बघणं सगळ्यात अवघड गेलं.

"टेकडीवरचं वाडगं या गावातल्या एका धनगराने बांधलं. रोज एक दगड आणून. मेंढरांसाठी. बारा वर्षं..."

"अकरा," मागून आवाज आला.

सगळे वळले. मामा भिंतीला धरून उभा राहिला होता.

"अकरा वर्षं," मी म्हणालो. "त्यांचा मुलगा तिथे उभा आहे. याच जागी त्यांनी मला विचारलं होतं आणि मी म्हणालो होतो, दोन्ही शक्य आहे. दोन्ही शक्य नव्हतं. मला ठाऊक होतं."

मी सभेतून वाट काढत मागे गेलो. मामाच्या पुढे हात जोडले, आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो.

"मामा, तुम्ही मला विचारलं होतं, त्याचं उत्तर द्यायला मला विसाच्या वर वर्षं लागली. ते तुमच्या बापानं बांधलं होतं. माझ्यामुळे ते पडलं, माझ्यामुळे तुमचा कळप गेला आणि तुमच्या बापाचं काम दुसऱ्याच्या नावावर गेलं. मी चुकून गप्प बसलो नव्हतो, जाणून गप्प बसलो होतो. मला माफ करा."